बोटीच्या पोटातले कापड



आजचा विषय बोटीच्या आतल्या भागाचा आहे : बाके, गाद्या, पडदे, छताचे अस्तर, पायाखालच्या फळ्या आणि प्रवाशांच्या अंगावरची जीवरक्षक जाकिटे. भिवंडीत हा विषय कशाला, असे कुणी विचारील. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी व पनवेल या ठिकाणी शिवाजी महाराजांची जहाजे बांधली जात असल्याचा उल्लेख सापडतो. मराठी आरमाराच्या आरंभाशी आपल्या खाडीचे नाव असे जोडलेले आहे. पण इतिहासाच्या भरवशावर मी हा विषय घेतलेला नाही. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा पाणपट्टा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग ठरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. प्रवासी बोट पुन्हा आपल्या खाडीत शिरते आहे, आणि ज्या गावाचे पोट यंत्रमागावर चालते त्या गावाने बोटीतल्या कापडाचा विचार करायचा नाही, तर कुणी करायचा? माझे म्हणणे थोडक्यात असे : बोटीचा आतला भाग नीट राखणे ही सुरक्षिततेची बाब आहे, आणि ती साबणापेक्षा सुकवण्यावर अवलंबून असते.

आधी मिठाचे गणित समजून घेऊ. घरातली गादी ओली झाली तर वाळते आणि प्रश्न संपतो. समुद्राच्या पाण्याने भिजलेली गादी वाळली तरी तिच्यात मीठ उरते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की खाण्याचे मीठसुद्धा हवेतून पाणी ओढू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलावा धरतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत अशी गादी दुपारी कोरडी वाटते आणि पहाटे पुन्हा ओलसर होते. बुरशीला एवढे पुरते. सुती कापड हे तर तिचे अन्नच. पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिक ती खाऊ शकत नाही, पण त्यावर बसलेला घाम, तेल, खाऊचा चुरा आणि धूळ खाऊन ती तिथेच संसार थाटते. म्हणून पहिले काम मीठ काढण्याचे. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसायचे, गरज असेल तिथे सौम्य साबण लावून तो पूर्ण काढायचा, आणि गादी कडेवर उभी करून सावलीत, वाऱ्यावर सुकवायची. खाऱ्या पाण्यात साबण लावणे व्यर्थ, कारण त्या पाण्यातल्या क्षारांशी मिळून साबणाचा चिकट साका होतो आणि तो नवी घाण धरून ठेवतो. कडक ऊनही मित्र नव्हे. अतिनील किरणांनी शिवणीचा धागा आधी कुजतो आणि रेक्झिनमधला मऊपणा राखणारा अंश उडून त्याला तडे जातात.

गादीवर जे दिसते त्यापेक्षा गादीखाली जे असते ते महत्त्वाचे. सपाट प्लायवूडवर ठेवलेल्या गादीचे पोट कधीच सुकत नाही. खाली फटी ठेवून लाकडी पट्ट्या मारल्या तर हवा खेळते. लोखंडी टाचण्या आणि धातूची चेन गंजून कापडावर न निघणारे डाग पाडतात, म्हणून टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या आणि चेन प्लास्टिकची हवी. तळाशी साचलेले तेलकट पाणी उपसले नाही, तर वरची बाके कितीही धुतली तरी केबिनची कुबट दुर्गंधी जात नाही. देखभालीची निम्मी लढाई बोट बांधताना सुताराच्या आणि शिवणाऱ्याच्या हाताखाली जिंकली किंवा हरली जाते.

आपल्या किनाऱ्याला हे ज्ञान नवे नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांवर झापांचे छप्पर घालण्याची रीत जुनी आहे : वरून पाऊस अडतो आणि बाजूंनी वारा फिरतो. सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, कारण सालीतल्या टॅनिनमुळे दोरा लवकर कुजत नसे. नायलॉन आले आणि तो खटाटोप गेला, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर वस्तू सुकवायला वेळ राखून ठेवण्याची सवयही गेली. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. मच्छीमाराच्या बोटीला त्यामुळे सक्तीची का होईना, डागडुजीची मुदत मिळते. वर्षातले बहुतेक दिवस फेऱ्या मारणाऱ्या प्रवासी बोटीला अशी मुदत कुणी आखून देत नाही. ती वेळापत्रकातच घालावी लागेल.

पहिला आक्षेप असा येईल की हे सारे श्रीमंतांच्या यॉटचे लाड आहेत. कामाच्या बोटीला गादी कशाला? याला माझे उत्तर जीवरक्षक जाकीट हे आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर गेटवे ऑफ इंडियावरून निघणाऱ्या प्रवाशांना जाकीट घालण्याची सक्ती झाली. सक्ती हवीच. पण रोज शेकडो अनोळखी अंगांवर चढणारे, घामाने आणि खाऱ्या पाण्याने कायम ओलसर असलेले, बुरशीचे काळे ठिपके पडलेले जाकीट माणूस मनापासून घालील का? तो ते खांद्यावर टाकील, पट्टा बांधणार नाही आणि खलाशाची पाठ फिरताच काढून ठेवील. शिवाय मीठ आणि ऊन खाल्लेला पट्टा ऐन वेळी तुटण्याचा धोका वेगळाच. इथे धुणे, सुकवणे आणि शिवण तपासणे ही थेट जीव वाचवण्याची कामे होतात. बाकाच्या गादीबद्दलही तसेच. पॉलियुरेथेन फोम पेटला तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडयुक्त वायू निघतात; गोदामांच्या आगी पाहिलेल्या भिवंडीला फोमचा धूर काय असतो हे सांगायला नको. फाटक्या आवरणातून उघडा पडलेला, इंजिनाचे तेल प्यायलेला फोम म्हणजे बोटीत ठेवलेले जळण.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा जालीम रसायन मारा, दहा मिनिटांत गादी पांढरी. क्लोरीनच्या ब्लीचने बुरशीचा रंग जातो, पण नायलॉन कमकुवत होते, रेक्झिन कडक पडते आणि मीठ आत तसेच राहते. म्हणून पुढच्या पावसात ठिपके परत येतात. याहून गंभीर गोष्ट अशी की ब्लीच आणि आम्लयुक्त स्वच्छतागृह-क्लीनर एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो. बोटीची बंद केबिन ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा, आणि तिथे गुडघ्यांवर बसून घासणारा बहुधा रोजंदारीवरचा पोरगा असतो. रंग धाग्यातच मुरलेले ॲक्रिलिक कापड सौम्य ब्लीच सोसते हे खरे. पण ते कापड कोणते हे बाटली उघडण्याआधी ठाऊक असले पाहिजे, आणि दारे-खिडक्या उघड्या हव्यात.

तिसरा आक्षेप आपल्याच गावातून येईल, आणि तो सर्वांत वजनदार आहे : कापड स्वस्त आहे, खराब झाले की बदला. पण बदलताना नुसते कापड बदलत नाही. फोम, शिवणीची मजुरी आणि बोट उभी राहिल्याचा दिवस, असा खर्च लागतो. मीटरचा भाव त्यापुढे किरकोळ. आणि टाकलेला फोम जातो कुठे? आपल्या कामवारी नदीच्या काठाला आणखी कचऱ्याची गरज नाही. गोड्या पाण्याची टंचाई हाही आक्षेप रास्त आहे, मात्र इथे पाइप सोडून धुण्याची गोष्टच नाही. ओले फडके आणि एक बादली पाणी यात एक बाक निभावते, आणि पाण्यापेक्षा वारा जास्त काम करतो.

म्हणून मागणी अशी करायला हवी. खाडीत प्रवासी सेवा येईल तेव्हा तिच्या करारात धक्के आणि इंजिने यांच्याबरोबर आतल्या भागाच्याही अटी असाव्यात : आवरणे काढता येतील अशीच शिवलेली, गादीखाली हवा खेळेल अशी रचना, जाकिटांचे दोन संच म्हणजे एक अंगावर असताना दुसरा सुकेल, आणि आठवड्यातली एक फेरी कमी करून सुकवणीला दिलेला वेळ. या कामाला नेमलेला माणूस वेगळा असावा, त्याची मजुरी तिकिटाच्या हिशेबात धरावी आणि रसायने कशी हाताळायची हे त्याला शिकवलेले असावे. या अटी लिहायला मोठी तज्ज्ञ समिती लागत नाही. कापडाची वीण, धाग्याची ताकद आणि रंगाचा पक्केपणा हाताने ओळखणारी माणसे या गावात गल्लोगल्ली आहेत. त्यांना निविदा निघाल्यावर माल पुरवायला न बोलावता, ती लिहिली जात असताना मत विचारले, तर प्रवाशाचा जीव आणि मालकाचा पैसा दोन्ही वाचतील.