मन अडतं तिथेच थांबू या



मी धारचा. धार आणि देवास, दोन्ही एकेकाळची पवारांची संस्थानं. त्यामुळे माळव्यात आपल्या घरांतून मराठी टिकली आणि आज या व्यासपीठावरून मी तुमच्याशी आपल्या भाषेत बोलू शकतो.

देवासात बोलायला उभं राहिलं की पंडित कुमार गंधर्वांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी टेकडीच्या पायथ्याचं त्यांचं घर, ‘भानुकुल’, पाहिलं असेल. त्या घराचा मालक या गावात कसा आला, ते मात्र थोडं सविस्तर सांगतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच बैठका गाजवू लागला. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत तो गायला, तेव्हा त्याला बारा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पुढे देवधर मास्तरांकडे शिक्षण, नाव, मैफली. आणि ऐन उमेदीत क्षयरोग. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत ते पत्नी भानुमतींसह देवासला आले आणि जवळजवळ पाच वर्षं अंथरुणाला खिळले.

मुलांनो, चोविशीतल्या गवयाला ‘गाऊ नकोस’ म्हटलं तर त्याचं मन बंड करणारच. हे माझ्याच वाट्याला का? सोबतचे पुढे निघून गेले, माझं काय? अशा वेळी मन एक तर मागे पळतं, जुन्या टाळ्यांकडे, नाहीतर पुढे पळतं, भीतीकडे. समोर जे आहे त्याच्याकडे बघायला ते तयार नसतं.

कुमारजींच्या समोर होतं माळव्यातलं एक लहान गाव. दारावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, भिक्षेकऱ्यांची भजनं, सणावाराच्या, ऋतूंच्या धुना. ते पडल्या पडल्या ऐकत राहिले. बरे झाल्यावर त्यांनी या लोकधुना जमवल्या, त्यांत रागांची बीजं शोधली, त्यांतून उगवलेले ‘धुनउगम’ राग बांधले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ आला. निर्गुणी भजनं त्यांनी मैफलीत मानाने आणली, तीही याच मातीतली.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. ते बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हा नव्याच आलेल्या औषधामुळे आणि भानुमतींच्या शुश्रूषेमुळे. मनाच्या जोरावर क्षय गेला, असं कुणी सांगितलं तर मानू नका. एक फुप्फुस निकामी झालं ते झालंच. पण त्या पाच वर्षांत कान जागे राहिले, हे काम औषधाचं नव्हतं.

तुम्हालाही अडणारं मन माहीत आहे. गणिताचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो, हात मोबाईलकडे जातो. मैत्रीण बोलेनाशी झाली की वर्गात बसूनही वर्गात नसतो. आम्ही मोठी माणसं लगेच म्हणतो, ‘लक्ष दे!’ पण लक्ष हुकमाने येत नाही. भीतीला दटावून आपण वर्तमानात येत नाही, कारण त्या क्षणाचं वर्तमान ती भीतीच असते. म्हणून पुस्तक मिटू नका. दोन मिनिटं त्या गोळ्यासकट बसा. मला भीती वाटते आहे, नापास व्हायची, बाबा रागावतील याची, असं मनाशी नीट म्हणा. ती लगेच जाणार नाही. तिच्यासकट पहिलं गणित मांडा. राग असेल तर रागासकट, रडू येत असेल तर रडून. आणि फारच जड झालं तर बाईंना, आजीला, मित्राला सांगा. कुमारजींनाही एकट्याने ते दिवस काढावे लागले नव्हते.

आता थोडं पालकांशी. आज बक्षिसं वाटली जातील. बक्षीस न मिळालेलं मूल घरी जाऊन गप्प बसेल किंवा चिडेल. ‘जाऊ दे, विसरून जा’ असं चटकन म्हणू नका, आणि त्याच्या हातात आईस्क्रीम देऊन विषयही बदलू नका. टीव्ही बंद करा, त्याच्याजवळ बसा आणि त्याला जे सांगायचं आहे ते शेवटपर्यंत ऐका. एवढं आज रात्रीच करा, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.