पहिली गाडी आणि स्वस्त विमा

गेल्या महिन्यांत एके दिवशीं सकाळींच माझी पुतणी घरीं आली. एका हातांत पेढ्यांचा पुडा होता आणि दुसऱ्या हातांत मोटार चालविण्याचा कोरा करकरीत परवाना. पेढे देऊन झाल्यावर तिनें आपला फोन माझ्यापुढें धरला. त्यावर सात-आठ विमा कंपन्यांचीं नांवें होतीं आणि प्रत्येक नांवापुढें रुपयांचा एक आंकडा. "काका, शेजारच्या जोशीकाकांची गाडी मी घेतें आहें. पुढच्या आठवड्यांत ती माझ्या नांवावर होईल. या यादींत सर्वांत स्वस्त विमा कोणाचा घेऊं, एवढेंच सांगा," असें ती म्हणाली. आंकडे तर तिच्या डोळ्यांसमोर होतेच. त्यांतला सर्वांत लहान कोणता हें ओळखण्यासाठीं काकाची गरज नव्हती. परंतु तो लहान आंकडा लहान कां झाला, हें त्या यादींत कोठेंच लिहिलेलें नव्हतें. श्रोतेहो, पहिल्यानेंच गाडी घेणाऱ्या माणसानें विचारावयाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि आज मी तेवढ्यापुरतेंच बोलणार आहें.

मोटारीची पॉलिसी हातांत घेतली म्हणजे एकच कागद दिसतो. पण तिच्यांत दोन निरनिराळे विमे एकत्र बांधलेले असतात. पहिला विमा तिऱ्हाइताचा. बाजारांत यालाच थर्ड पार्टी म्हणतात. आपल्या गाडीखालीं सांपडून कोणी दगावलें, कोणास इजा झाली, किंवा कोणाची भिंत, दुकान वा वाहन मोडलें, तर त्याची भरपाई या विम्यांतून होते. दुसरा विमा स्वतःच्या गाडीचा. टक्कर, चोरी, आग, पूर यांनीं आपल्या गाडीचें जें नुकसान होईल तें या भागांतून मिळतें. पहिला विमा कायद्यानें सक्तीचा आहे. दुसरा ऐच्छिक आहे.

सक्ति कशासाठीं, हें नवशिक्यानें नीट समजून घ्यावें. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांतील विम्याचीं कलमें १९४६ सालीं अमलांत आलीं आणि १९८८ च्या नव्या कायद्यानेंहि तीच सक्ति कायम ठेविली. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें विम्यावांचून गाडी रस्त्यावर आणणारास पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हीं शिक्षा होऊं शकतात. पण पोलिसाचें भय हें फार लहान भय आहे. नवा चालक घाबरला म्हणजे ब्रेकवर पडावयाचा पाय दुसऱ्याच पट्टीवर पडतो, आणि समोर एखादा शाळकरी मुलगा किंवा भाजी घेऊन निघालेली बाई असते. गेलेला जीव पैशानें परत येत नाहीं. तरी मागें राहिलेल्या कुटुंबाला उभें राहावयास पैसा लागतोच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पीडिताचें वय, मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेलीं माणसें पाहून जी रक्कम ठरवितें, ती मध्यमवर्गीय घराची सारी शिल्लक ओलांडून जाऊं शकते. या विम्यांत मृत्यु व इजा यांच्या भरपाईला वरची मर्यादा नाहीं. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र ७,५०,००० रुपयांची आहे. अल्पशी सूट देऊन हीच मर्यादा ६,००० रुपयांवर आणण्याची सोय कांहीं अर्जांत असते. ती खूण चुकूनहि करूं नये. आजकाल रस्त्यावरील एखाद्या गाडीचा नुसता दिवा फुटला तरी तेवढे रुपये पुरत नाहींत.

आतां या पहिल्या विम्याच्या किंमतीविषयीं एक गोष्ट अशी आहे, कीं ती ठाऊक झाल्याबरोबर अर्धा घोळ मिटतो. हा हप्ता कंपनी ठरवीत नाहीं. केंद्र सरकार ठरवितें. जून २०२२ पासून लागूं झालेल्या दरांत १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढें ७,८९७ रुपये, असे कर सोडून आंकडे होते. कोरी गाडी घेणारास हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो; सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून ही रीत सुरू झाली. तात्पर्य, या भागांत स्वस्त कंपनी आणि महाग कंपनी असा भेदच नाहीं. जो कांहीं फरक पडतो तो दुसऱ्या भागांत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्यांत. १ जानेवारी २००७ पासून त्याचे दर कंपन्यांना आपापले ठरवितां येऊं लागले. इंग्लंडांत तरुण आणि नवशिक्या चालकाकडून भरमसाट हप्ता घेतात. आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडीची किंमत, तिचें वय, इंजिनाचा आकार आणि शहर यांवरून ठरत आलेला आहे. तेव्हां आपण नवीन आहों म्हणून दडपून जाण्याचें कारण नाहीं.

पुतणीच्या यादींतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आंकडा यांत सुमारें पांच हजारांचें अंतर होतें. आम्हीं दोघांनीं कागद-पेन्सिल घेऊन तें अंतर उलगडून पाहिलें.

पहिलें कारण सांपडलें तें गाडीच्या घोषित मूल्यांत. यालाच आय. डी. व्ही. म्हणतात. गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, तर कंपनी फार तर एवढीच रक्कम देते. हें मूल्य कोऱ्या गाडीच्या किंमतींतून वयाप्रमाणें घसारा वजा करून काढतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, असा तो वाढत जातो. आमची गाडी तीन वर्षें पुरीं झालेली आणि सहा लाख किंमतीची, म्हणजे मूल्य ३,६०,००० यावयास पाहिजे. सर्वांत स्वस्त कंपनीनें तें २,९०,००० धरलें होतें. माल कमी तोलला म्हणजे दाम कमी पडतात, त्यांतलाच हा प्रकार. येथें मला स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. माझी पहिली गाडी २०११ सालीं चोरीस गेली. त्या वर्षीं दीड हजार रुपये वांचविण्यासाठीं मींच तिचें मूल्य ऐंशी हजारांनीं कमी लिहूं दिलें होतें. कंपनीनें कागदावरील रक्कम बिनतक्रार दिली. ऐंशी हजारांबद्दल मीं कोणाशीं भांडावें? सही माझीच होती.

दुसरें कारण अधिक गंभीर होतें. अर्जांत 'नो क्लेम बोनस ३५ टक्के' अशी खूण आधींच केलेली होती. ज्या वर्षीं आपण विम्याचा एकहि दावा करीत नाहीं, त्याच्या पुढल्या वर्षीं स्वतःच्या गाडीच्या हप्त्यांत सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटीं ५०. ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. जोशीकाकांनीं तीन वर्षें जपून गाडी हांकली, त्याचें फळ जोशीकाकांचें. तें ते आपल्या नव्या गाडीवर नेतील. माझ्या पुतणीनें अद्याप एक वर्षहि गाडी हांकलेली नाहीं. तिचा बोनस शून्य. खोटा बोनस घेऊन पॉलिसी काढली आणि दाव्याच्या वेळीं तें उघडकीस आलें, तर स्वतःच्या गाडीची भरपाई कंपनी नाकारूं शकते; तशी कबुली अर्जदार स्वतःच अर्जांत लिहून देत असतो. जुनी गाडी घेणारानें आणखी एक लक्षांत ठेवावें. गाडी नांवावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आंत पॉलिसीहि आपल्या नांवावर करण्यासाठीं अर्ज करावा लागतो. गाडीबरोबर तिऱ्हाइताचा विमा कायद्यानें आपोआप येतो, परंतु स्वतःच्या नुकसानीचा तसा येत नाहीं.

तिसरें कारण किरकोळ, पण समजण्यासारखें होतें. मालक-चालकाचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा एका यादींत धरला होता, दुसरींत वगळला होता. तो आपल्याजवळ अन्य मार्गानें असेल तर पुन्हां घ्यावा लागत नाहीं; नसेल तर वगळूं नये. मात्र हा विमा मालकाचाच आहे. वडिलांच्या नांवची गाडी मुलगी चालवीत असेल, तर तिच्यासाठीं वेगळी व्यवस्था पाहावी लागते.

हे तीन फरक सर्व याद्यांत सारखे करून घेतल्यावर पांच हजारांचें अंतर आठशें रुपयांवर आलें. खरी स्वस्ताई एवढीच होती.

आतां नवशिक्याच्या नेहमीच्या दुखण्याकडे वळूं. पहिल्या वर्षीं गाडीला पोंचे पडतात, खांब खरवडतो, बंपर फुटतो. समजा, दुरुस्तीचें बिल ८,००० झालें. त्यांत प्लास्टिकचे भाग ६,००० आणि मजुरी २,०००. साध्या पॉलिसींत प्लास्टिक, रबर, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे ३,००० तुमचे. शिवाय लहान इंजिनाच्या गाडीला दर दाव्यास १,००० रुपये सक्तीनें स्वतः भरावयाचे असतात. हातीं येतात ४,०००. आतां बोनसचें पाहा. गाडीचा हप्ता १०,००० आहे आणि तो तसाच राहिला असें हिशेबापुरतें धरूं. दावा केला नसता तर पुढल्या पांच वर्षांत २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के सूट मिळाली असती. केल्यामुळें ०, २०, २५, ३५ व ४५ मिळेल. एकूण ५० टक्क्यांचें, म्हणजे ५,००० रुपयांचें नुकसान. चार हजार घेण्यासाठीं पांच हजार देण्याचा हा व्यवहार आहे. म्हणून किरकोळ पोंच्यांसाठीं घरांतच एक लहानशी रक्कम बाजूला ठेवावी आणि विमा मोठ्या आघातासाठीं राखावा. जिला ही शिस्त जमेल तिनें स्वेच्छेनें थोडा अधिक भार स्वतःवर घेऊन हप्ता कमी करून घेण्यास हरकत नाहीं. मात्र सूट रुपयांत किती, हें आधीं विचारावें. गाडी नवी असेल तर घसारा न कापणारी जोड-पॉलिसी, जिला झिरो डेप म्हणतात, ती थोडा जास्त हप्ता देऊनहि घ्यावी. गाडी थोडीच चालणार असेल, तर चालेल तितक्या अंतरावर हप्ता ठरविण्याची परवानगीहि २०२२ पासून कंपन्यांना मिळाली आहे. तीहि चौकशी करावी.

मुंबईकरांसाठीं एक शब्द पावसाचा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्यांत बुडाल्या. पुरानें भिजलेली गाडी विम्यांत येते. पण पाण्यांत बंद पडलेली गाडी पुन्हां चालूं करण्याच्या खटपटींत इंजिन मोडलें, तर तें नुकसान साध्या पॉलिसींत सहसा धरीत नाहींत. त्यासाठीं इंजिनाची निराळी जोड घ्यावी लागते. ती नसेल तर निदान किल्ली फिरविण्याचा मोह आवरावा व गाडी ओढून न्यावी.

आतां राहिली कंपनीची निवड. सरकारी चार कंपन्या आहेत, त्यांतील न्यू इंडियाचें मुख्य कार्यालय मुंबईसच आहे. खाजगी कंपन्याहि पुष्कळ आहेत. नांवावरून मी कोणाची शिफारस करणार नाहीं. तीन गोष्टी पाहाव्या. आपल्या घराजवळचें जें गॅरेज आपण खरोखर वापरणार, तें त्या कंपनीच्या कॅशलेस यादींत आहे काय? ज्यांनीं त्या कंपनीकडे दावा केला अशीं ओळखीचीं दोन माणसें काय सांगतात? आणि अपघात झाल्यावर किती तासांत कोणास कळवावयाचें, हें पॉलिसींत स्पष्ट लिहिलें आहे काय? तंटा पडलाच तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावें. त्याचीं कार्यालयें मुंबई व पुणें येथें आहेत आणि तेथें फी लागत नाहीं.

हें सर्व करूनहि एका गोष्टीनें विमा विफल होऊं शकतो, आणि ती चालकाच्या हातांतली आहे. शिकाऊ परवाना असतांना शेजारीं परवानाधारक शिक्षक व गाडीवर 'एल'ची पाटी असल्यावांचून गाडी काढूं नये. मद्य घेऊन चालवूं नये. परवाना नसलेल्या हातीं किल्ली देऊं नये. अशा वेळीं न्यायालय पीडिताला कंपनीकडून भरपाई देववितें आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतें.

माझ्या पुतणीनें शेवटीं यादींतील खालून तिसरी कंपनी निवडली. तिचें गॅरेज घरापासून चार गल्ल्या दूर आहे, मूल्य पुरतें लिहिलें आहे आणि बोनसच्या जागीं शून्य आहे. वांचलेले आठशें रुपये तिनें एका पाकिटांत घालून त्यावर 'पोंचे' असें लिहिलें. परवां तिचा फोन आला. पाकिटांत पांचशें उरले आहेत, फाटकाला गाडी घांसली, आणि माणूस मात्र अजून एकहि घाबरलेला नाहीं, असें ती म्हणाली. तो क्रम असाच चालूं राहो, एवढी इच्छा करून मी आपली रजा घेतों.