कापूस, कीड आणि अहिंसा



2010 साली बीटी वांग्यास स्थगिती मिळाली. बहुबीज म्हणून वांगे वर्ज्य मानणाऱ्या आपल्याला तो वाद दूरचा वाटला. परंतु बीटी कापसास 2002 सालापासूनच मान्यता आहे. चिंचोळी एमआयडीसीतील वस्त्रोद्योजक असो वा माझ्यासारखा कापडव्यापारी, आपला चरितार्थ त्याच धाग्यावर चालतो.

बोंडअळी मरेल, फवारणी घटेल, ही अपेक्षा होती. कालांतराने गुलाबी बोंडअळी त्या बियाण्यास पुरून उरली. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले.

अळीची हिंसा मोजणाऱ्या अहिंसेने फवारणाऱ्याचा श्वासही मोजावा. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने शेतमजुरांना संरक्षक पोशाख द्यावेत. कापड आम्ही व्यापारी देऊ, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.