धातूला येणारा ठिसूळपणा



मी कला शाखेचा पदवीधर. तरीही आज एका धातूविषयी बोलणार आहे. कारण मला जे उमगले, ते तुम्हांलाही सहज उमगेल.

अणुभट्टीत झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या वापरतात. हा धातू न्यूट्रॉन फारसे शोषून घेत नाही आणि गरम पाण्यातही फार सावकाश गंजतो. परंतु गंजतो हे खरे. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पाण्यातील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो आणि सुटलेल्या हायड्रोजनचा काही अंश धातूत शिरतो.

गरम पाण्यात पुष्कळ साखर विरघळते. दाट पाक निवला की तिचे खडे धरतात. येथेही तसेच घडते. धातू तापलेला असताना हायड्रोजन त्यात विरघळून राहतो. धातू निवला की जादा हायड्रोजनाचे झिर्कोनियमशी संयोग होऊन हायड्राइडचे पातळ पापुद्रे बनतात. ते ठिसूळ असतात. मग ताण पडल्यावर धातू वाकण्याऐवजी चिरतो. पापुद्रे नळीच्या गोलाईला धरून असले तर धोका कमी. जाडीच्या दिशेने आडवे गेले तर चिरेला आयती वाट मिळते.

१ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातील पिकरिंग केंद्राच्या २ क्रमांकाच्या भट्टीत अशी एक नळी सुमारे २ मीटर लांब फाटली. या गरम नळीभोवती दुसरी थंड नळी असते. दोहोंत अंतर राखणाऱ्या स्प्रिंगा जागेवरून सरकल्या होत्या, म्हणून गरम नळी झुकून थंड नळीला टेकली. हायड्रोजन थंड जागेकडे ओढला जातो. तेथे हायड्राइडचे फोड आले आणि नळी फाटली. फुटण्यापूर्वी ती गळेल व इशारा मिळेल, ही तज्ज्ञांची अपेक्षा फोल ठरली. कर्मचाऱ्यांनी भट्टी सुरक्षितपणे बंद केली, म्हणून अनर्थ टळला.

पुढे त्या भट्टीत अडीच टक्के नायोबियम असलेल्या मिश्रधातूच्या नळ्या बसविल्या. तो हायड्रोजन कमी शोषतो. २००५ व २००६ साली सुरू झालेल्या आपल्या तारापूरच्या ४ व ३ क्रमांकाच्या भट्ट्यांतही तोच आहे. तरीही अशा नळ्यांचा कीस खरवडून हायड्रोजन मोजावा लागतो. कारण हा दोष डोळ्यांना दिसत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, विद्राव्यतेचा धडा केवळ परीक्षेपुरता समजू नका. भट्टीतल्या नळीचे बळ त्याच धड्यावर तोलले जाते. आणि पालकहो, मुलांनी ‘असे का?’ विचारले, तर त्यांना गप्प बसवू नका, एवढीच विनंती.