खाऱ्या पाण्याची स्निग्धता

थंडीच्या दिवसांत बरणींतील मध चमच्यावरून उतरतां उतरत नाहीं आणि वैशाखांत तोच धार धरून वाहूं लागतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. पाण्याच्याहि अंगीं असा चिकटपणा असतो, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. पाण्याचा एक थर दुसऱ्यावरून सरकतांना जो विरोध होतो, त्यास येथें स्निग्धता म्हटलें आहे. शून्य अंशावरील पाण्याची स्निग्धता ३० अंश सेंटिग्रेडवरील पाण्याच्या सुमारें सव्वादोन पट असते.

पोहणाऱ्या माणसाला हा फरक जाणवत नाहीं. तो आपल्या वजनाच्या व वेगाच्या बळावर पाणी कापीत जातो. परंतु समुद्रांतील डायाटम नांवाचीं एकपेशी शैवालें बहुधा केसाच्या जाडीएवढींहि नसतात. त्यांना पाणी साखरेच्या पाकासारखें भासावें. सूर्यप्रकाश पोंचतो त्या वरच्या थरांत राहिलीं तर तीं वाढतात. खालीं अंधारांत गेलीं कीं त्यांची वाढ खुंटली. इतका बारीक कण ज्या वेगानें बुडतो तो वेग स्निग्धतेच्या व्यस्त प्रमाणांत असतो, हा नियम जॉर्ज स्टोक्स यानें १८५१ सालीं दिला. म्हणजे ध्रुवाजवळ एखादी पेशी जितक्या वेगानें बुडेल, त्याच्या दुपटीनें तशीच पेशी अरबी समुद्राच्या कोमट पृष्ठभागीं बुडेल. उष्ण समुद्रांतील सूक्ष्म जीवांचे लांब कांटे या बुडण्याला आळा घालण्यासाठींच असावेत, अशी विचारसरणी वोल्फगांग ओस्टवाल्ड याच्या १९०२ सालच्या उपपत्तींतून पुढें आली. ती आकर्षक आहे, पण सर्वस्वीं पुरेशी नाहीं. लाटा व प्रवाह पाणी सतत ढवळीत असतात, त्यांचा वांटा मोठा. तथापि कोंकणकिनाऱ्याची तारली याच सूक्ष्म जीवांवर पोसते, आणि उष्ण समुद्र एक अंशानें तापला कीं त्याची स्निग्धता शेंकडा सुमारें दोननें उतरते. तेव्हां प्रश्न केवळ प्रयोगशाळेंतला राहत नाहीं.

मिठाचा प्रभाव त्या मानानें सौम्य आहे. एक किलो समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढ्यानें स्निग्धता शेंकडा सात-आठच वाढते. मिठागरांत मात्र पाणी आटत आटत मीठ धरण्याच्या बेतास येतें, तेव्हां तें त्याच उष्णमानाच्या गोड्या पाण्याहून जवळजवळ दुप्पट स्निग्ध झालेलें असतें. तेथें ऊन दोन्ही बाजूंनी खेळतें: आटवून दाट करतें, तापवून पातळ करतें. सर्वच क्षार असे वागत नाहींत. रक्ताभिसरणाचा अभ्यास करतां करतां पाण्याकडे वळलेला फ्रेंच वैद्य प्वासय यास १८४७ सालीं आढळलें कीं, कांहीं क्षारांनीं पाणी उलट अधिक सुलभपणें वाहतें. सोरा त्यांपैकीं एक.

दाबाची गोष्ट सर्वांत विलक्षण. तेल दाबलें कीं दाटतें; थंड पाणी दाबलें कीं सैल होतें. हें १८८४ सालीं उघडकीस आणणाऱ्यांत राँटगेन होता. क्ष-किरणांमुळें मिळालेली कीर्ति तेव्हां अकरा वर्षें दूर होती. थंड पाण्याचे रेणू परस्परांना धरून विरळ जाळीसारखी रचना करतात. दाबानें ती विसकटते. सुमारें १००० वातावरणांच्या दाबापलीकडे मात्र पाणीहि दाटूं लागतें, आणि तिसाहून थोड्या वरच्या उष्णमानास हा उलटेपणा मुळींच राहत नाहीं. समुद्राच्या पाण्यांतहि तो दिसतो, पण कांहींसा मंद.

आतां अरबी समुद्राच्या पृष्ठभागाहून निघालेली एक मृत पेशी पाहावी. आरंभीं ती २८ अंशांच्या पाण्यांतून झपाट्यानें उतरते. दोन हजार मीटरांखालीं पाणी अवघें तीन अंशांच्या आसपास असतें; तेथें स्निग्धता जवळजवळ दुप्पट, आणि २०० वातावरणांचा दाब तींतून शेंकडा एक-दोनच काढून घेतो. वजन-आकार कायम राहिल्यास पेशीचा वेग निम्म्यावर येतो. आणि तिची वाट पाहणाऱ्या खालच्या जीवांना तितकाच अधिक अवधि मिळतो.