बाळंतविडा आणि त्याचा हिशेब



सोलापुरात उभे राहून सुताच्या गोष्टी सांगणे म्हणजे पंढरपुरात तुळशीच्या माळांचे वर्णन करण्यासारखे आहे. १८७७ साली येथे जुनी मिल सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि कालांतराने त्या बंदही पडल्या. परंतु तेलंगणातून येथे येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी नावारूपाला आणलेली चादर आजही घराघरांतल्या वळकटीत आहे. तिच्याविषयी आम्ही आज बोलणार नाही. हात-सव्वा हाताचे दुपटे, वितीएवढी बाहुली आणि मुठीत मावेल असे टोपडे, एवढाच आमचा विषय आहे.

घरात बाळ येणार म्हटले की आपल्याकडे बाळंतविड्याची तयारी सुरू होते. कुंची, टोपडी, झबली, लंगोट, दुपटी, पाळण्यावर टांगायचे चिमणाळे, हे सारे आजी, मावशी, आत्या आपल्या हातांनी करीत. यातले शिवण्याचे काम जुने. सुयांवरचे आणि क्रोशाचे विणकाम मागाहून आलेले. क्रोशा हा शब्दच मुळी फ्रेंच, त्याचा अर्थ लहानसा आकडा. पण आपल्या बायकांनी त्याच्या टाक्यांना साखळी, खांब, मुका खांब अशी इतकी घरगुती नावे दिली की तो परका आहे याची आठवणही कोणाला राहिली नाही.

अशा वस्तू पाहिल्या की आपण लगेच म्हणतो, ‘किती प्रेमाने केले आहे!’ हे खरेच असते. मात्र एकदा प्रेमाचे नाव दिले की आपण पुढे काही विचारीत नाही. ही वस्तू बाळाला सोसते का, हे विचारीत नाही. आणि करणारीला किती वेळ लागला, हेही विचारीत नाही. आम्हाला आज हे दोनच प्रश्न विचारावयाचे आहेत.

पहिला प्रश्न बाळाचा. सोलापूरचा वैशाख काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. पारा चाळिसाच्या वर गेलेला, आणि पाळण्यातले बाळ लोकरी टोपडे, मोजे, वर लोकरी शाल अशा थाटात बारशाच्या छायाचित्रासाठी सजलेले! त्याच्या गळ्याखाली घामोळे फुटते आणि आपण म्हणतो, बाळ किरकिरे आहे. त्यातही बाजारात लोकर म्हणून मिळणारे पुष्कळसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात. तो धागा घाम शोषून घेत नाही आणि विस्तवाशी गाठ पडली तर वितळून कातडीला चिकटतो. बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी देण्याची चाल जेथे अजून आहे, तेथे हे विशेष ध्यानात ठेवावे. (धुराने तान्ह्याच्या छातीचे भले होत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

याचा अर्थ टोपडे टाकून द्यावे असा नव्हे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि तेथून ऊब जाते. कमी वजनाच्या बाळाला तर टोपड्याची फार गरज असते. ते सुती विणावे, बंदांऐवजी काठाला जरा ताण ठेवावा. बंद गळ्याभोवती गुंडाळले जाण्याचे भय असते. पायमोजा विणला की आधी उलटा करून पाहावा. आतले एखादे सुटे सूत बाळाच्या बोटाला वेढा घालते, रक्त अडते, बाळ रडत राहते आणि कारण कोणाला उमगत नाही. जाळीदार नक्षीचेही तसेच. पाहायला ती सुरेख. पण मोठ्या भोकांत चिमुकली बोटे अडकतात. घट्ट टाक्यांचे साधे दुपटे त्याहून चांगले.

जुन्या बायका बाळाला पहिल्यांदा जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे कापड लावीत. आम्हाला यात मोठे शहाणपण दिसते. माग उतरून आलेल्या नव्या कापडात खळ असते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यात ती उरत नाही, ते मऊ असते आणि घामही टिपते. आजीच्या लुगड्याचे दुपटे गरिबीचे म्हणून कपाटात दडवायचे आणि दुकानातली झुळझुळीत शाल पाहुण्यांपुढे ठेवायची, ही नवी रीत आम्हाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट कित्येक आज्यांना रुचणार नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटे दुपटे, उशी, मऊ खेळणी काही ठेवू नये, बाळाला उताणे निजवावे, असे आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंडावर कापड आले तर ते बाजूला सारण्याची शक्ती तान्ह्यात नसते. तेव्हा विणलेले दुपटे बाळ जागे असताना, मांडीवर घेताना वापरावे. बाहुलीही जागेपणीच द्यावी.

बाहुलीचे म्हणाल तर क्रोशाची बाहुली मुक्या खांबांनी, हात आवळून विणावी, म्हणजे आतला कापूस बाहेर डोकावत नाही. डोळ्यांना मणी किंवा गुंडी लावू नये. ती सुटली की थेट तोंडात जाते. काळ्या दोऱ्याने दोन टाके घातले की बाहुली तेवढीच टकमका पाहते. खेळण्याला किंमत लागते असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा मॉन्टेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, दगड मुलांच्या हाती दिले. मुले त्यात रमली.

आता दुसरा प्रश्न, करणारीचा. आज कित्येक भगिनी अशा बाहुल्या, दुपटी घरी करून विकतात. समजा, एका बाहुलीला सात तास लागले. सूत आणि कापूस मिळून नव्वद रुपये झाले. आणि ती तीनशेला गेली. उरले दोनशे दहा. म्हणजे तासाला तीस रुपये! तरी गिऱ्हाईक म्हणते, ‘घरीच तर बसून करता.’

हे ‘घरीच बसून’ नवे नाही. आंध्रातल्या नरसापूरला बायका क्रोशाच्या जाळ्या विणतात आणि त्या परदेशी जातात. मारिया मीस यांनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते हेच, की जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या या बायकांना कामगार कोणी म्हणतच नव्हते. त्या आपल्या गृहिणी, फावल्या वेळात विणणाऱ्या! आपल्या गावात मात्र याच्या उलट दाखला आहे. येथे हजारो बायका घरच्या ओट्यावर बिड्या वळीत आल्या आहेत. १९६६ च्या कायद्याने घरी वळणारीलाही कामगार म्हटले. मजुरी हजारी हिशेबाने ठरत असे. ती पुरेशी होती असे आम्ही म्हणत नाही. भांडावे तर नेहमीच लागले. पण भांडायला आकडा तरी होता. शेजारच्या ओट्यावर बाहुली विणणारीपाशी आकडाच नाही.

म्हणून विकण्यासाठी विणणाऱ्या भगिनींना आमची विनंती आहे की सुरुवात केली ती वेळ आणि संपली ती वेळ एका वहीत लिहावी. चार-पाच जणींनी आपल्या वह्या एकत्र पाहून तासाचा दर ठरवावा आणि त्याखाली कोणी विकू नये. एकीने दर पाडला की बाकीच्यांचाही पडतो. वस्तूवर चिठ्ठी लावून सूत कोणते, धुवायचे कसे आणि तास किती लागले, हे तिन्ही लिहावे. येत्या संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत अशी चिठ्ठी लावलेली बाहुली दिसली, तर आपणही घासाघीस करण्यापूर्वी तेवढी चिठ्ठी वाचावी.