खेळाचा तास आणि साडेपाचची गाडी

माझी सारी नोकरी गणित शिकवण्यात गेली. तेव्हा शाळेतल्या खेळांवर आणि इतर उपक्रमांवर मी बोलायला बसलो आहे, हे ऐकून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हसू येईल. कारण खेळाचा तास मागून घेणारा मास्तर म्हणूनच मी त्यांच्या लक्षात असणार. पोर्शन मागे पडला की मी पी.टी.च्या सरांकडे जायचो. म्हणायचो, "सर, आजचा तास मला द्या. दहावीचा वर्ग आहे." ते बिचारे कधी नाही म्हणत नसत. चित्रकलेच्या सरांचेही तेच. मुले मैदानाकडे बघत बसायची आणि मी फळ्यावर प्रमेय सोडवायचो.

धाराशिव जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, एका तालुक्याच्या गावी आमची शाळा होती. एकेका तुकडीत साठ-सत्तर मुले आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांची संख्या मोठी. एका वर्षी माझ्याकडे दहावीच्या एका तुकडीची वर्गशिक्षकाची जबाबदारी आली. महिनाअखेरीला हजेरीपटाची बेरीज करताना एक गोष्ट लक्षात आली. बुधवारी आणि शनिवारी वर्ग भरलेला असायचा, इतर दिवशी गळती. बुधवार-शनिवार हे आमचे मैदानाचे दिवस. मग बुधवारचा तास मी गणितासाठी घेतला आणि पुढच्या महिन्यात बुधवारचीही हजेरी उतरली. आकडा खोटे बोलत नाही, असे मीच वर्गात सांगत असे. त्या दिवशी तो आकडा माझ्याबद्दलच बोलत होता.

गैरहजर राहणाऱ्यांत हुशार मुले फारशी नव्हती. ज्यांना वर्गात कधी शाबासकी मिळत नाही, अशी ती मुले होती. लेझमीच्या पथकात पुढे असणारा, स्नेहसंमेलनात नाटकाचा पडदा ओढणारा, विज्ञान प्रदर्शनासाठी तारा जोडून देणारा, खो-खोत खांबाजवळ हुलकावणी देणारी. शाळेत आपले काही काम आहे असे त्यांना वाटायचे ते त्या एका तासामुळे. तो तास मी घेतला आणि त्यांना शाळेत येण्याचे कारणच उरले नाही.

मोठ्या शाळेत ही गोष्ट अधिक जाणवते. धाराशिव शहरातल्या श्रीपतराव भोसले हायस्कूलसारख्या शाळेत हजारो मुले-मुली शिकतात. एवढ्या गर्दीत मुलाला नाव मिळते कुठे? पहिल्या पाचांत आला तर गुणपत्रिकेत मिळते. बाकीच्यांना ते मैदानावर, रंगमंचावर, स्काऊटच्या पथकात किंवा भित्तिपत्रकाच्या खाली सही करताना मिळते. म्हणून 'अभ्यासेतर' हा शब्द मला आता खटकतो. अभ्यासाच्या बाहेरचे, म्हणजे राहिले तर चालेल असे, हा त्यातला अर्थ आपण नकळत स्वीकारला आहे.

आमच्या जिल्ह्याला हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. पाऊस बेभरवशाचा, उद्योग थोडे, पण खो-खोत या जिल्ह्याचे नाव देशात आहे. या खेळाला लागते तरी काय? दोन खांब, आखायला फक्की आणि मोकळी जमीन. एका डावात नऊ जण मैदानात, आठ पाटीवर बसलेले आणि एक पाठलागावर. बूट नसले तरी पोर धावते. गरिबाच्या घरात परवडणारा हा खेळ आहे.

सारिका काळे हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. वयाच्या तेराव्या वर्षी मामांनी त्यांना धाराशिवच्या मैदानावर नेले. घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची, की जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. मध्यंतरी खेळ सोडून द्यावा इथपर्यंत मन खचले होते. प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

या यशाचा अभिमान वाटतोच. पण गणिताचा मास्तर असल्याने मी उलटी बाजूही मोजतो. सारिकाताईंना मैदानावर नेणारे मामा होते, खचल्यावर समजूत घालणारे प्रशिक्षक होते आणि मैदान गावातच होते. ज्या मुलीचे गाव शाळेपासून पंधरा किलोमीटरवर आहे, तिचे काय?

आता साडेपाचच्या गाडीकडे वळतो. आमच्या शाळेत सराव शाळा सुटल्यावर चाले. पाचला घंटा व्हायची आणि खेड्याकडे जाणारी एसटी साडेपाचला सुटायची. तिच्यानंतर थेट रात्रीची मुक्कामी गाडी. त्यामुळे सरावाला थांबणारी मुले बहुतेक गावातलीच. खेड्यातला एखादा मुलगा सायकलवर किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जाई. मुलीला तशी मुभा नव्हती. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो, ही फार मोठी सोय आहे. पण पास असला तरी गाडी कोणासाठी थांबत नाही.

मी वर जी खांबाजवळ हुलकावणी देणारी म्हटली, ती अशीच गाडीने येणारी होती. बुधवार-शनिवारच्या तासाला ती खेळे, सरावाला कधीच थांबत नसे. तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडला तेव्हा सरांनी तिचे नाव घेतले नाही. सरावाला न येणाऱ्यांना घेता येत नाही, हा नियम होता आणि तो चुकीचाही नव्हता. तिने तक्रार केली नाही. मला मात्र एकदा विचारले, "सर, बुधवारचा तास परत कधी मिळणार?" मी म्हणालो, पोर्शन संपला की. पोर्शन फेब्रुवारीत संपला. तोवर तिची शाळा सुटली होती. शाळा सुटण्यामागे घरची कारणे होती, सगळे पाप मी माझ्या माथी घेत नाही. पण तिला शाळेत धरून ठेवणारा एक धागा माझ्या हातात होता आणि तो मी सोडला, हेही खरे.

तेव्हा माझे सांगणे एवढेच आहे. खेळ, चित्रकला, गाणे, स्काऊट हे शाळेच्या वेळापत्रकात, घंटेच्या आत बसले पाहिजेत. घंटेनंतर ठेवले तर ते मैदानाशेजारी राहणाऱ्यांचेच होतात.

ही काही नवी कल्पना नाही. याच जिल्ह्यातल्या हिप्परगा इथे निजामाच्या राजवटीत १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक होते. त्या काळच्या राष्ट्रीय शाळांत व्यायाम, सूतकताई, श्रम हे शिक्षणातच धरले जात. त्याला कोणी अभ्यासेतर म्हणत नव्हते. आजचा कायदाही वेगळे सांगत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत, हेही त्यात आहे.

आपण मात्र या सगळ्याचे मोल गुणांत करायला शिकलो. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. त्याला माझा विरोध नाही, मेहनतीचे चीज व्हावे. पण गुणांसाठी खेळणारी मुले दहावी झाली की मैदान सोडतात, आणि ज्यांना स्पर्धेपर्यंत पोहोचताच येत नाही त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. त्यात आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या आहेत. मातीत वाढलेल्या पोरांना मॅटचा सराव हवा, आणि मॅट फक्कीच्या भावात मिळत नाही.

मग करायचे काय? मुख्याध्यापकांनी आठवड्यातून दोन दिवस शेवटचे दोन तास मैदानाला आणि कलेला द्यावेत आणि ते कोणालाही, गणिताच्या मास्तरालासुद्धा, मागू देऊ नयेत. शाळा समितीने एसटीच्या आगाराकडे जाऊन एक गाडी अर्धा तास उशिरा सोडता येईल का, हे विचारावे. कागद द्यावा, पाठपुरावा करावा. आणि पालकांनी मुलगी घरी आली की 'आज काय शिकवले' याबरोबर 'आज काय खेळलीस' हेही विचारावे.

निवृत्तीनंतर मी कधीकधी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन बसतो. पाटीवर बसलेल्या पोरी 'खो' मिळायची वाट बघत असतात, अंगात सगळी धाव साठवून. पाच वाजतात, घंटा होते. काही जणी उठतात, दप्तर उचलतात आणि स्टँडकडे पळत सुटतात. त्या फार चांगल्या पळतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)